डिस्टिल्ड पाण्याला ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर: लावावा का, आणि लावायचा तर कुठे?

खाडीकाठी
मंडळी नमस्कार. आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. विहीर घरचीच. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाणी गोड, शिमगा उलटला की मचूळ व्हायला लागतं आणि मे महिन्यात तर त्यात डाळ शिजत नाही. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) तेव्हा १८०० च्या आसपास दाखवतो. म्हणून टेबलावर ठेवायचा डिस्टिलर घेतला, ४ लिटरचा, ७५० वॉटचा. त्या पाण्याचा वापर तीन ठिकाणी होतो, एक म्हणजे बाबांच्या सीपॅप मशीनच्या (झोपेत मास्कमधून हवा देणारं मशीन) पाण्याच्या डबीत, दुसरं इन्व्हर्टरच्या बॅटरीत आणि तिसरं उन्हाळ्यात थोडं प्यायला.

प्रश्न असा. डिस्टिलरच्या तोटीत कार्बनची, म्हणजे वास ओढणाऱ्या कोळशाची, एक छोटी पुडी बसते, ती आता संपली आणि तशीच इकडे मिळत नाही. पुडीशिवाय पाणी काढलं तर उन्हाळ्यात शिळा वास येतो, आणि गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीने विहिरींत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यापासून तर औषधी वास येतोय. बाबा म्हणतात रात्री मास्कमधून तोच वास नाकात जातो, ते मला अजिबात चालणार नाही. आरओच्या दुकानातला मोठा कार्बन फिल्टर पुढे लावू का? आणि एक गोंधळ, डिस्टिलरमधून थेट आलेल्या पाण्याचा टीडीएस ० आणि कार्बनमधून गेल्यावर ५-६. म्हणजे फिल्टरने पाणी घाण केलं की काय?

बंबफोड
करवंट्यांचा ढीग लागलाय आमच्या परसात. बंबात जाळायच्या, कोळसा फोडायचा, फडक्यात बांधायचा, झाली पुडी. विकत कशाला?

दर्यासारंग
माका एक सांग रे खाडीकाठी, ह्या पाणी पिऊचा असा काय बॅटरीत घालूचा? दोनांका एकच औषध कसा चलात?

पागोळी
दर्यासारंग यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तीन वापर तर उत्तरंही तीन लागतील.
मी अलिबागजवळ राहते, आमच्याकडेही असाच डिस्टिलर आहे. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) दिवसच्या दिवस वीज नव्हती तेव्हा इन्व्हर्टरची किंमत कळली आणि बॅटरीत कुठलंही पाणी ओतायचं नाही हा धडा घरात सगळ्यांनी गिरवला. आम्ही आरओवाल्याकडून दाणेदार कार्बन घेतो, मलमलच्या दुहेरी पिशवीत घालून काचेच्या नरसाळ्यात ठेवतो, डिस्टिलरचं पाणी त्यावर ठिबकतं. वास पूर्ण जातो. हे फक्त प्यायच्या पाण्यासाठी हं, बॅटरीचं पाणी नरसाळं काढून वेगळं धरते.
पहिल्यांदा कार्बन धुताना मात्र धीर धरा. काळं पाणी येतच राहतं.

चाकरमानी
वाचतोय. गुहागरला आमच्या घरी हीच रड आहे. पण मला मुळातच शंका आहे, उन्हाळ्याभर प्यायला डिस्टिल्ड पाणी परवडतं तरी का? हिशोब केला. १ लिटर पाणी २८ अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ३०० किलोज्यूल आणि त्याची वाफ करायला आणखी २२५७. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे लिटरला ०.७१ युनिट, ४ लिटरला जवळजवळ ३ युनिट, आणि हे सुद्धा उष्णता जराही वाया गेली नाही असं धरून. दर आपापल्या बिलावर बघा. आरओ त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

शिकवणीबाई
मी रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त. हा विषय माझ्या अगदी आवडीचा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी टीडीएसचा गोंधळ. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. कार्बन क्षार काढत नाही. मीठ, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, यातलं काही साधा कार्बन धरून ठेवत नाही. तो धरतो ती वास, रंग आणि चव देणारी सेंद्रिय द्रव्यं, आणि क्लोरीनचं रूपांतर निरुपद्रवी क्लोराइडमध्ये करतो. ही सेंद्रिय द्रव्यं मीटरला दिसतच नाहीत कारण ती वीज वाहून नेत नाहीत. तेव्हा ० टीडीएसच्या पाण्याला वास येऊ शकतो आणि ६ टीडीएसचं पाणी वासाच्या बाबतीत एकदम स्वच्छ असू शकतं.

मग ते ५-६ आले कुठून? करवंटीच्या कार्बनमध्ये थोडी राख उरलेली असते आणि त्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. नवीन कार्बनमधून ते पहिल्या पाण्यात उतरतात. साध्या पाण्यात हे लक्षातही येत नाही, पण डिस्टिल्ड पाण्यात दुसरं काहीच नसल्याने लगेच दिसतं. कार्बन धूत गेलात की आकडा हळूहळू उतरतो. आम्लाने धुतलेला कार्बन मिळतो त्यात राख कमी असते, पण तो महाग.

याच कारणाने सामूही (पीएच) बदलतो. डिस्टिल्ड पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ५.६ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी होतं आणि नव्या कार्बनवरून गेलं की राखेमुळे अल्कधर्मी बाजूला सरकतं. पट्ट्या बुडवून घाबरू नका, इतक्या शुद्ध पाण्यात चिमूटभर कशानेही सामू उड्या मारतो.

बंबफोड, तुमच्या करवंट्यांकडे वळते. जाळलेल्या करवंटीचा कोळसा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन यात फार मोठा फरक आहे. करवंटी कमी हवेत जाळली की कोळसा होतो, पण त्याची छिद्रं डांबरी पदार्थांनी बुजलेली असतात. तोच कोळसा ८०० ते १००० अंशांना वाफेत भाजला की वाफ आतून कार्बन कोरत जाते आणि अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार होतं. चांगल्या कार्बनच्या एका ग्रॅमला आतून साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे आपल्या भाषेत दहा गुंठे! बंबात ते होणार नाही.

बंबफोड
एका ग्रॅमात दहा गुंठे? बाई, सातबारा कुणाच्या नावावर निघणार? आमच्याकडे दहा गुंठ्यात सोळा हिस्सेदार असतात.

रातांबा
आणि मोजणीला तालुक्याहून माणूस येणार सहा महिन्यांनी :)

सुरंगी
बाई, खूप सोपं करून सांगितलंत. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.
एक प्रश्न, आमची आजी सोवळ्यातली आहे, तिचं म्हणणं हा कोळसा हाडांचा असेल तर माझ्या पाण्याला लावू नका. असं असतं का खरंच?

शिकवणीबाई
आजींची शंका रास्त आहे. हाडांचा कोळसा असतो, साखर पांढरी करायला तो खूप वर्षं वापरला गेला आणि फ्लोराइड काढायलाही वापरतात. घरगुती फिल्टरमध्ये मात्र बहुतेक करवंटीचा नाहीतर दगडी कोळशाचा कार्बन येतो. पाकिटावर नारळाच्या करवंटीचा असं लिहिलेलाच घ्या, आजींचंही समाधान आणि पाण्यासाठीही तोच चांगला, कारण त्याची छिद्रं बारीक असतात आणि दाणा कडक असतो, भुगा कमी पडतो.

कोळसा पाण्यातला रंग नि वास ओढतो हे माणसाला फार आधीपासून ठाऊक होतं, पण प्रयोगशाळेत नोंद झाली १७८५ मध्ये. टोबियास लोविट्झ नावाचा रसायनज्ञ सेंट पीटर्सबर्गला टार्टारिक आम्लाचे स्फटिक करत होता, द्रावण तपकिरी व्हायचं, कोळशाने ते रंगहीन झालं. नंतर त्याने कोळशाने पाणी सुधारण्याचेही प्रयोग केले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांसाठी लागणारा कार्बन करवंट्या आणि फळांच्या कठीण कोयींपासून बनवत. आपल्या परसात पडलेल्या वस्तूचा केवढा इतिहास आहे बघा.

जांभाचिरा
आमच्या आजोबांनी तीन मडक्यांची उतरंड केली होती, वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खाली पाणी. तुरटी फिरवायची ती वेगळी. कोणी आजारी पडलं नाही. उगाच ॲक्टिव्हेटेड बिक्टिव्हेटेड करून पैसे घेतात. कोळशाने खारेपणा पण जातो, आम्ही बघितलंय.

लोटेवाला
जांभाचिरा, मडक्यांच्या उतरंडीबद्दल पूर्ण आदर, गाळ नि थोडा वास त्याने जातो. पण खारेपणा जात नाही. साधी परीक्षा आहे, मचूळ पाण्याचा टीडीएस आधी मोजा, कोळशातून पाच वेळा गाळा, परत मोजा. तसाच राहील, राखेमुळे थोडा वाढेलही.

मी लोट्याच्या एमआयडीसीत युटिलिटीला आहे, बॉयलरचं पाणी, डीएम प्लांट (पाण्यातले क्षार काढणारा), हे आमचं रोजचं काम. आमच्याकडे आधी वाळूचा फिल्टर, मग कार्बन आणि मग रेझिन (क्षार धरून ठेवणारे दाणे) असा क्रम. जिथे डिस्टिलेशनने शुद्ध पाणी करतात तिथेही कार्बन बहुतेक आधीच असतो. कारण क्लोरीनने रेझिन खराब होतं आणि गरम स्टीलला क्लोरीन चावतो. शिवाय कार्बन आधी असला की त्यातून जी राख, भुगा, जंतू सुटतील ते सगळे मागे उकळत्या भांड्यात राहतात. वाफ पुढे जाते ती स्वच्छ. म्हणून माझं मत, खाडीकाठींनी कार्बन डिस्टिलरच्या आधी लावावा. नंतर काही लावू नये.

पागोळी
लोटेवाले दादा, मग घरगुती मशीनवाले सगळे ती पुडी तोटीत, म्हणजे नंतर का देतात? काहीतरी विचार केला असेलच ना. आणि माझा अनुभव नंतर लावूनच चांगला आहे.

लोटेवाला
विचार आहे. विहिरीच्या पाण्यात पालापाचोळ्याचा अर्क, गाळ, सगळंच असतं, आधी लावलेला कार्बन त्यानेच भरून जातो, वास देणाऱ्या द्रव्यांना जागा उरत नाही. नंतर लावला की समोर येतं ते फक्त वाफेबरोबर उडून आलेलं थोडंसं, त्यामुळे चिमूटभर पुडीही महिना दोन महिने पुरते. मशीनवाल्याला लहान पुडी परवडते. पण सीपॅपसाठी मी तरी नंतर लावणार नाही.

शिकवणीबाई
इथे मी लोटेवाल्यांशी अर्धी सहमत. वाफेबरोबर काय उडतं ते पाहू. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतं, बेंझीन ८० ला. पाण्याच्या आधीच. त्यामुळे डिस्टिलेशन म्हणजे सगळं शुद्ध हा समज खरा नाही, हलके पदार्थ वाफेबरोबर पुढच्या भांड्यात येऊन बसतात. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती पालापाचोळ्याच्या अर्काशी भिडली की क्लोरोफॉर्मसारखी संयुगं थोड्या प्रमाणात तयार होतात. खाडीकाठींना आत्ता जो औषधी वास येतोय तो क्लोरीन आणि त्याच्या या नातेवाइकांचा असणार. उन्हाळ्यातला शिळा, मातकट वास वेगळा, तो पाण्यातले सूक्ष्मजीव नि शेवाळ सोडतात त्या जिऑस्मिनसारख्या द्रव्यांचा असू शकतो. जिऑस्मिनचा उत्कलनबिंदू पाण्याच्या कितीतरी वर आहे तरी ते वाफेबरोबर वाहून येतं, आणि इतक्या कमी प्रमाणात नाकाला कळतं की विचारू नका.

म्हणजे कार्बन आधी लावा किंवा नंतर, तो लागणार आहेच. फक्त आणखी एक फुकटचा उपाय सांगते. डिस्टिलरचं वरचं झाकण लगेच बसवू नका. पाणी आधी उघडंच उकळू द्या, पाच-दहा मिनिटं, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून. हलकं होतं ते बरंचसं निघून जातं. मग झाकण बसवा आणि पहिलं कपभर पाणी झाडांना घाला. टीसीएल टाकल्यानंतरच्या दिवसांत तर विहिरीचं पाणी रात्रभर पसरट भांड्यात उघडं ठेवून मगच मशीनमध्ये घ्यावं.

दर्यासारंग
झाकाण उघडा ठेवूचा ह्या बरा सांगितलात बाई. आमच्याकडे काजीच्या भट्टीत पण पयली धार कोणी पियाक घेणा नाय.

रातांबा
दर्यासारंग, पहिली धार घ्यायची नाही हे तत्त्व सगळ्या भट्ट्यांना लागू दिसतंय :)
गंभीरपणे, आमच्याकडे कुडाळला घरगुती साबण नि लोशनचं काम चालतं, डिस्टिल्ड पाणी बरंच लागतं. दोन गोष्टी सांगतो ज्या इथे आल्या नाहीत. पहिली, खारं पाणी उकळताना फेस येतो आणि भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर खारे थेंब उडून वाफेच्या नळीत जातात. मग डिस्टिल्ड पाण्याचाच टीडीएस १०-१५ येतो आणि आपण दोष कार्बनला देतो. म्हणून मे महिन्यातलं पाणी असेल तर भांडं खुणेच्या जरा खालीच भरावं. दुसरी, तळाला उरलेलं घट्ट खारट पाणी रात्रभर तसंच ठेवायचं नाही. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही असं वाटतं पण गरम मिठाच्या पाण्याने त्यात टाचणीएवढे खड्डे पडतात, मग भोक. प्रत्येक फेरीनंतर ओतून टाका, आठवड्याला लिंबूसत्व घालून उकळा, पांढरा थर सुटतो.

चाकरमानी
पुन्हा माझा मुद्दा, आरओ का नाही? आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं असं आहे. १८०० च्या पाण्याला घरगुती आरओ पुरतो, त्यात कार्बन आधीही असतो नंतरही असतो, वाद मिटला.

जांभाचिरा
आरओ निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. मे महिन्यात आमच्या विहिरीला दोन हात पाणी असतं, ते मोरीत सोडू? टँकरची वाट बघत बसणाऱ्याला हे सांगू नका चाकरमानी. तुम्ही मे महिन्यात पंधरा दिवस आंबे खायला येता.

चाकरमानी
मुद्दा मान्य आहे, पाणी वाया जातं हे खरंच. वाया जाणारं पाणी भांडी-फरशीला धरून ठेवता येतं पण १८०० चं पाणी आणखी घट्ट होऊन येतं, ते झाडांना घालता येत नाही हेही खरं. प्यायला आरओ आणि सीपॅप-बॅटरीला डिस्टिलर अशी वाटणी बसते का बघा.

सुरंगी
पावसाचं पाणी का नाही धरत कोणी? आपल्याकडे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर ३ लाख लिटर पाणी पडतं! वाया जाणारं सोडलं तरी दोन लाख कुठे गेले नाहीत. त्याचा टीडीएस मुळातच कमी, डिस्टिलरमध्ये तेच घाला, फेस नाही, थर नाही, टीसीएल नाही.

पागोळी
+१ सुरंगी. आम्ही पहिले दोन-तीन मोठे पाऊस छप्पर धुऊन जाऊ देतो आणि मग पागोळ्या टाकीत घेतो. फक्त थेट बॅटरीत ते घालू नये असं वाटतं, समुद्रकाठच्या पावसात खाऱ्या वाऱ्याचे क्लोराइड असतात आणि पत्र्याचं लोखंडही उतरतं. ही दोन्ही बॅटरीला नकोशी.

लोटेवाला
अगदी बरोबर. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे वेगळं मानक आहे. बाजारात डिस्टिल्ड वॉटर म्हणून जे कॅन मिळतात त्यात बरेचदा डीएम पाणी असतं आणि बॅटरीला ते चालतं, प्रश्न पॅकिंग किती स्वच्छ याचा. खाडीकाठी, तुमच्या बॅटरीचं पाणी कार्बनमधून अजिबात काढू नका. बॅटरीला वासाशी देणंघेणं नाही, क्षारांशी आहे, आणि कार्बन तिथे फायदा शून्य देऊन राख तेवढी घालतो. चांदी लावलेला कार्बन पण मिळतो, जंतू वाढू नयेत म्हणून, तो तर बॅटरीच्या पाण्याच्या आसपास नको.

आता नंतर कार्बन लावण्यातली खरी अडचण, जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. डिस्टिलरमधून पाणी पडतं तेव्हा त्यात जंतू नसतात पण क्लोरीनही नसतो. आपली हवा दमट, पावसाळ्यात ८०-९० टक्के आर्द्रता. ओला कार्बन महिनोन्‌महिने तोटीत बसला की त्याने गोळा केलेलं सेंद्रिय अन्न जंतूंना आयतं मिळतं. प्यायचं पाणी लगेच संपतं तिथे एक वेळ चालेल, पण जे पाणी रात्रभर कोमट होऊन वडिलांच्या श्वासात जाणार ते मी कार्बनमधून काढून देणार नाही.

बंबफोड
मग तो कार्बन उन्हात वाळवला तर? पापडांबरोबर टाकू. नाहीतर उकळून घेऊ.

शिकवणीबाई
वाळवून किंवा उकळून जंतू कमी होतील, हलके काही पदार्थ निघतील, पण छिद्रांत घट्ट बसलेलं निघत नाही. कारखान्यात वापरलेला कार्बन पुन्हा कामाचा करतात तो ७००-९०० अंशांच्या भट्टीत. घरी बदलणं हाच मार्ग. वापरलेला कार्बन फुलझाडांच्या कुंडीत मातीत मिसळा.

आणि पागोळीताई, तुमच्या नरसाळ्याच्या पद्धतीत एक भर. वापरण्याआधी कार्बन गरम पाण्यात बुडवून ठेवा, छिद्रांतली हवा निघते आणि सगळा दाणा कामाला लागतो. ठिबकणारं पाणी मात्र थंड होऊन पडायला हवं. गरम पाण्यात कार्बनची पकड सैल पडते, धरलेलं परत सोडूही शकतो.

पागोळी
हे माहीत नव्हतं. आमच्या मशीनचा पंखा उन्हाळ्यात पाणी नीट थंड करत नाही, कोमटच पडतं. मग आधी बरणीत जमवून थंड झाल्यावर नरसाळ्यातून ओतायला हवं.

शिकवणीबाई
हो, हळूहळू ओता. जितका वेळ पाणी दाण्यांच्या सहवासात तितकं बरं.

सौरचूल
सगळे विजेवर अडलेत. काचेच्या उतरत्या झाकणाची काळी पेटी करा, एक चौरस मीटरची, चांगल्या उन्हात दिवसाला २ ते ४ लिटर डिस्टिल्ड पाणी देते, वीज शून्य. आणि आपल्याला खारं पाणी त्रास देतं नेमकं उन्हाळ्यातच. पावसाळ्यात पेटी गप्प बसते पण तेव्हा विहीर गोड असते. आमच्या वेंगुर्ल्यात हे करून बघण्यासारखं आहे असं मी सगळ्यांना सांगत असतो. फक्त त्यात पाणी उकळत नाही, तेव्हा प्यायचं तर नंतर उकळून घ्या, आणि आतला रंग नि सीलंट तापून वास सोडणार नाही असा निवडा, नाहीतर परत कार्बन लागेल.

चाकरमानी
सौरचूल, स्वतंत्र धागा काढा यावर, मापं नि फोटोसकट. मी येतो मदतीला.

डॉक्टरीणबाई
उशिरा वाचला धागा. सीपॅपबद्दल दोन शब्द, कारण इथे सगळ्यात जपायची गोष्ट तीच आहे. डिस्टिल्ड पाणी वापरायला सांगतात ते डबीत क्षारांचा थर बसू नये म्हणून. रोज सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, डबी सौम्य साबणाने धुऊन कोरडी करायची आणि रात्री ताजं पाणी भरायचं. कालच्या पाण्यात भर घालायची नाही. वास आला तर तो पाण्याचाच आहे असं धरून चालू नका, मास्कचं सिलिकॉन, नळी आणि हवेचा फिल्टर यांनाही कोकणातल्या पावसाळ्यात कुबट वास लागतो. एक रात्र डबीत पाणी न घालता मशीन लावून बघा, तरी वास आला तर नळी नि फिल्टर तपासा. आणि वासाबरोबर खोकला, छातीत घरघर असेल तर मशीन देणाऱ्या डॉक्टरांना लगेच दाखवा.

खाडीकाठी
बाई, लोटेवाले दादा, पागोळीताई, डॉक्टरीणबाई, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाण्याशिवाय मशीन लावलं, वास आला नाही. म्हणजे वास पाण्याचाच.

तुमच्या सगळ्यांच्या सांगण्यावरून आता असं ठरवलंय. विहिरीचं पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात, सकाळी गाळणीच्या कापडातून, मग दाणेदार कार्बनच्या फिल्टरमधून डिस्टिलरमध्ये. झाकण उघडं ठेवून उकळी, पहिलं कपभर झाडांना. यातलं पाणी थेट सीपॅपला आणि बॅटरीला, पुढे कार्बन नाही. प्यायचं तेवढं थंड करून पागोळीताईंसारखं नरसाळ्यातून. आज पहिली खेप काढली, टीडीएस १ आणि औषधी वास नाही. बाबांना वास घ्यायला दिला, त्यांनी मान हलवली, पण ते म्हणाले आज रात्री मास्क लावून मगच सांगीन.

चव मात्र सपाट लागते प्यायला, त्याचं काय करावं?

जांभाचिरा
माठात घाल. मातीचा माठ, वाळ्याची पुरचुंडी. चव येते की नाही बघ.

लोटेवाला
चव क्षारांची असते, ते काढल्यावर सपाटच लागणार. दिवाळीपर्यंत तुमची विहीर गोडच आहे, आत्ता टीसीएलचा वास गेला की उकळलेलं विहिरीचं पाणी प्या. उन्हाळ्यात डिस्टिल्डमध्ये थोडं विहिरीचं पाणी मिसळा. १८०० चं एक भाग आणि डिस्टिल्डचे आठ भाग केले की २०० येतो, चवीला बरा. मिसळायचं ते विहिरीचं पाणी मात्र उकळून गार केलेलं हवं.

सुरंगी
मिसळायच्या आधी विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्यायला नको का? टीडीएस मीटर जंतू सांगत नाही ना. कुठे देतात तपासायला?

शिकवणीबाई
नको कसं, घ्यायलाच हवं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा आहेत, तिथे रासायनिक आणि जंतूंची अशी दोन्ही तपासणी होते. जंतूंसाठी नमुन्याची बाटली निर्जंतुक हवी, ती त्यांच्याकडूनच घ्या, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. टीसीएल टाकल्या टाकल्या नमुना घेऊ नका, जंतू दबलेले असतात, खरी स्थिती कळत नाही. एक नमुना मे महिन्यात आणि एक आता पावसात असे दोन द्या, दोन्ही वेळचं पाणी वेगळं असतं.

खाडीकाठी
बाटली आणायला सोमवारी जातो. शेजारच्या दोन विहिरींचेही नमुने घेतो, त्यांच्याकडेही म्हातारी माणसं आहेत.

दर्यासारंग
माझी पण बाव घी रे त्यात. मी येतंय सोमवारी, माझ्या रिक्षेतसून जावया.